खाली तोंड केलेला बाण

प्रिय टिटवे,

अक्षर बघून दचकू नकोस. दर वेळी पत्र तुझी आई लिहून घेते, आणि मी सांगते एक, ती लिहिते भलतंच. मी म्हणते गुडघा धरलाय, ती लिहिते तब्येत छान आहे. हे पत्र रंगाऱ्याची बायको लिहितेय. हो, तीच. मी तिच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेय आणि ती टेबलाशी. तिने मला पाणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही. आमची बोली एवढीच झालीय की मी सांगेन ते ती जसंच्या तसं लिहील आणि मी मध्येच उठून जाणार नाही. तिच्याबद्दल काही बोलले तरी तेही लिहायचं. मघाशी मी म्हटलं, बाई गं, तुझा चेहरा उकळून गार झालेल्या पाण्यासारखा झालाय. तर तेही लिहिलं बघ तिने. शब्दाची पक्की आहे.

मला एक गोष्ट सांगायचीय, जी मी आठ महिने मिठाच्या गुळणीसारखी तोंडात धरून बसलेय. ज्या दोषापायी तू घर सोडलंस, तो दोष तुझा नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा धीर सुटला तरी एवढं तरी कागदावर राहील. मग कोणाचा, ते सांगते. लिहिणारीलाही अजून ते माहीत नाही. पेन थांबवून माझ्याकडे बघतेय. लिही बाई, येतेच मी तिथवर. म्हातारं माणूस जिना उतरतं तसं उतरू दे मला, एकेक पायरी.

आधी घरची खबर. दुकान चालू आहे असं म्हणायचं. तुझा बाबा सकाळी कुलूप काढतो आणि दुपारपर्यंत रस्त्याकडे बघत बसतो. झेरॉक्सला येतात लोक, शाळेच्या पोरांचे कागद, भाड्याचे करार, असलं. दवाखान्याचे नि कोर्टाचे कागद घेऊन आता कोणी येत नाही. ते पुलापलीकडच्या दुकानात जातात, चालत, उन्हातून. तुझी आई तुझी खाट रोज झाडते आणि झाडताना मला म्हणते की धूळ बसते म्हणून. मी विचारते, कालच झाडलीस, आज कुठून बसली गं एवढी? ती केरसुणी घेऊन पुढच्या खोलीत जाते. समोरचा घड्याळजी तसाच आहे, डोळ्याला भिंग लावून जगाकडे एकाच डोळ्याने बघणारा. तुझी चौकशी करत होता. मला त्याच्याकडे बघवत नाही, का ते पुढे येईल.

तुला आठवतं का गं, लोक माझ्याकडे का यायचे? दुकानात कॉम्प्युटरवर दोघं बसायचो, तुझा बाबा आणि मी. बाबाला सगळं येतं, भराभर येतं, आणि तरी दाईण, शिवणवाली, तो डोळे तपासून आलेला बसचा ड्रायव्हर, सगळे बाबा जेवायला जाईपर्यंत बाकावर ताटकळत बसायचे. मग पुढे येऊन हळूच म्हणायचे, आजी, तुम्हीच काढून द्या. कारण मी अंगठाबहाद्दर. माझ्या हातून कागद गेला म्हणजे आंधळ्याच्या हातून गेला. तुझा बाबा चिडायचा. म्हणायचा, जगात हे एकच दुकान असेल जिथे न वाचता येणं ही लायकी आहे. तूच तेव्हा हसून म्हणाली होतीस की आजीला पगारवाढ द्या.

वाचता येत नाही म्हणून कळत नाही असं मात्र नाही हं. दवाखान्याच्या कागदाला वर निळी पट्टी असते. कोर्टाचा कागद डावीकडे ऐसपैस जागा सोडतो, मोठ्या घरच्या माणसासारखा. नोकरीवरून काढल्याचा कागद कायम एकच पान. चांगली बातमी सांगायला लोकांना तीन पानं लागतात, वाईट बातमी अर्ध्यात आटपतात. मी कागद प्रिंटरमधून उचलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. तेवढी अक्कल होती.

आणि ती विद्या तू दिलीस. चार दिवस माझ्या शेजारी स्टूल टाकून बसलीस. आजी, निळ्या अक्षरांवर टिचकी मार, कागद पडद्यावर उघडेल. मग हे प्रिंटरचं चित्र. कागद निघाला की कोपऱ्यातली फुली. फुली मारलीस की काही उरत नाही, ओल्या फडक्याने पाटी पुसल्यासारखं. आणि एक गोष्ट तू तीनदा सांगितलीस, बोट नाचवून, टिटवी ओरडते तशी. वर कोपऱ्यात बाण दिसला, खाली तोंड केलेला, तर समज की कागद उघडला नाही, मशीनमध्ये उतरला. हात काढून घे आणि मला हाक मार, नाहीतर फोन कर. मी म्हटलं, बाण खाली बघतो की वर, मला काय करायचंय? तू हसली नाहीस. म्हणालीस, आजी, मस्करी नको, लोकांचे कागद आहेत.

आता रंगाऱ्याचा दिवस. हे तुला माहीत आहे आणि लिहिणारीला तर माझ्याहून जास्त, पण मी माझ्या बाजूने सांगते, कारण मी तिथे होते. तो लोखंडी कपाटांच्या कारखान्यात फवाऱ्याने रंग मारायचा. नखांच्या कडा कायम राखाडी. तो बाकावर बसला की थिनरचा वास आधी काउंटरशी यायचा, माणूस मागून. दवाखान्याने त्याचा छातीचा रिपोर्ट मेलवर पाठवला होता. मी एकच प्रत काढली. त्याने ती चार घड्या घालून आतल्या खिशात ठेवली आणि विचारलं, आजी, कोणी बघितलं नाही ना? मी म्हटलं, मी बघितला की, पण माझं बघणं म्हणजे मांजराने आरसा बघणं. तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला, आणि तो खोकला थांबेपर्यंत मी प्रिंटरमध्ये उगाच कोरे कागद लावत राहिले. जाताना म्हणाला की दोन महिन्यांत त्याला रंगाच्या खोलीतून काढून गोदामात घेणार आहेत, शब्द दिलाय साहेबाने. तोवर हा कागद कुणाला दिसता कामा नये. दिसला तर गोदाम राहील बाजूला, थेट फाटक.

पुढच्याच आठवड्यात त्या कारखान्याचा कारकून हजेरीचे तक्ते छापायला आला. बाबाने त्याला खुर्ची दिली, शिकलेला माणूस, आपलं आपण काढतो म्हणाला. त्याला त्याचा तक्ता सापडेना, म्हणून त्याने तो फोल्डर उघडला, जिथे उतरलेले कागद साठतात. तिथे त्याच्या तक्त्याच्या जवळच रंगाऱ्याचं नाव. मी म्हणणार होते की कारकून तसा वाईट माणूस नाही, पण लिहिणारीने पेन कागदात रुतवून धरलंय, म्हणून म्हणत नाही.

साहेबाने तो कागद टेबलावरून रंगाऱ्यापुढे सरकवला. रंगाऱ्याने खिशात हात घातला, तर त्याची प्रत तिथेच, चार घड्यांची. तिथून तो सरळ आपल्या दुकानात आला. दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, एक घडीचा आणि एक सपाट. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांची सवय आहे. बाबा तुझ्याकडे वळला. कॉम्प्युटर तूच लावलास ना? तू मशीन उघडलंस. आत पन्नाससाठ कागद, दाईणीचा, शिवणवालीचा, ड्रायव्हरचा, सगळ्यांचे. तू सेटिंग बघितलंस, आणि तुझ्या मानेवरून रंग उतरत गेला तो मी बघितला. आणि म्हणालीस, माझ्याच हातून राहिलं असेल. मी तेव्हा पलीकडे कागद कापायच्या मशीनवर होते, आमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा. तो कापून झाला होता. तरी मी कापत राहिले, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, पट्ट्यांचे तुकडे. हात थांबला असता तर तोंड उघडलं असतं.

त्याने मग ठेकेदाराकडे काम धरलं, पाण्याच्या मोठ्या टाक्या आतून रंगवायचं. तिथे कोणी कागद मागत नाही. तिसऱ्या टाकीत त्याचा जीव गेला. याबद्दल मी जास्त बोलणार नाही. ती जागा माझी नाही, जी लिहितेय तिची आहे. तिने वरची ओळ न थांबता लिहिली.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

रंगाऱ्याच्या रिपोर्टाच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. तू तेव्हा परीक्षेसाठी मैत्रिणीकडे राहायला गेली होतीस. तुझी रीत चोख होती, पण तुझ्या रीतीत कागद पडद्यावर उघडायचा, दाराएवढा, आणि आपला पडदा रांगेकडे तोंड करून. टेबल फिरवलं तर वायर पोचत नाही. त्या दिवशी शिवणवाली आली नवऱ्यापासून वेगळं व्हायचा कागद घेऊन. मी टिचकी मारली, कागद उघडला, आणि मागे उभ्या असलेल्या एका शहाण्याने पहिली ओळ मोठ्याने वाचली, वर म्हणाला, अरे वा, बातमी आहे की! तिने हातातली पिशवी पडद्यापुढे धरली. भाजीची पिशवी होती, ओली. मग प्रिंट न घेताच निघून गेली. मला फार लागलं ते. म्हटलं, मी आंधळी असून काय उपयोग, रांगेला डोळे आहेत.

संध्याकाळी घड्याळजी आला, भिंग कपाळावर चढवून. मी त्याला विचारलं, असं काही करता येतं का रे, की कागद उघडूच नये, न उघडता छापता यावा? तो म्हणाला, त्यात काय, नुसतं बटण इकडचं तिकडे. खुटखुट केलं आणि झालं. ब्राउझरला सांगितलंय म्हणाला, कागद दाखवू नकोस, सरळ खाली उतरव. दुसऱ्या दिवसापासून निळ्या अक्षरांवर टिचकी मारली की पडद्यावर काही येईना. कोपऱ्यात बाण खाली मान घालून दोनदा हलायचा, घड्याळजीने दाखवलं होतं तसं त्याच्यावर उजवं बटण दाबलं की कागद निमूट प्रिंटरमधून बाहेर. कोणी काही वाचू शकेना. शिवणवालीला मी स्वतः निरोप पाठवून बोलावलं. माझ्या तोऱ्याला सीमा नव्हती. तुझ्या आईला म्हटलं, मी दुकानाला पडदा लावलाय.

मला वाटलं जो दिसत नाही तो कागद नाहीच. वाचता येणाऱ्याला असं वाटलं नसतं. तो म्हणाला असता, उतरला म्हणजे कुठेतरी पडून राहिला. माझ्या लेखी कागद म्हणजे जो हाताला लागतो तो. पण इथे मी स्वतःला सोडणार नाही, कारण बाण मी बघत होते. रोज बघत होते, खाली तोंड केलेला. तुझं नाचणारं बोट आठवत होतं. फोन हाताच्या अंतरावर होता. केला नाही, कारण तू येऊन ते पूर्ववत केलं असतंस, आणि त्या मशीनवर तू न शिकवलेली एक गोष्ट मी केली होती. एकुलती एक. ती मला हवी होती.

आणि मग काउंटरवर ते दोन कागद पडले तेव्हा मला क्षणात कळलं. तुझ्याआधी कळलं. मी गप्प का बसले? बाबाची भीती? छे, त्याला मी न्हाऊमाखू घातलंय. मला वाटलं, आता मला त्या खुर्चीवर बसू देणार नाहीत. घरात मी कोण? जिचा चहा झाकून ठेवायचा ती म्हातारी. त्या खुर्चीवर मी अशी होते की जिच्यासाठी लोक ताटकळायचे. पट्ट्या कापता कापता मी एवढाच विचार केला, की पोर तरुण आहे, तिला दुसरी जागा मिळेल, मला नाही मिळायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं, आणि चोर बसून कागद कापत होता. गंमत म्हणजे, तुझ्यामागे बाबाने मला त्या खुर्चीवर बसू दिलंच. आणि समोर येऊन कोणी उभं राहिलं नाही.

इथे पेन थांबलं. ती उठून आत गेली. खिडकीखाली कोणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मला वाटलं बोली मोडावी आणि निघून जावं, पण बोली मीच केली होती. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, सांगा, पुढे काय. माझ्याकडे न बघता. आता लिहितेय. अक्षर बदललं असेल तर तू समजून घे.

हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू म्हणाली असतीस, जाऊ दे आजी, आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून कागद. आणि आजच का, तर परवा बाबाने मला एक कागद छापायला दिला. स्वतः छापला नाही, मला म्हणाला, आई, एवढा काढ, मी जरा बाहेर जाऊन येतो. मला वाचता येत नाही, म्हणून माझ्याकडे. त्यालाही ती सोय कळली शेवटी. पण तुझं नाव मला ओळखता येतं. पाटीवर तूच काढून दाखवलं होतंस लहानपणी, डोक्यावर तुरा असलेलं, मध्ये पोट, शेवटी काठी टेकलेलं. त्या कागदावर ते तीनदा होतं, आणि खाली सहीसाठी मोकळी रेघ. मी एक प्रत जास्त काढली. ती कोणाकडे वाचायला नेऊ? गल्लीतला प्रत्येक जण आधी बाबाला सांगेल. म्हणून इथे आले, जिच्याशी कोणी बोलत नाही तिच्याकडे. तिने वाचून दाखवला. कॉम्प्युटर मी लावला, कागद आपोआप साठत राहिले ते माझ्या निष्काळजीपणामुळे, दुकानमालकांना याची कल्पना नव्हती, असं तुझ्या तोंडी घातलंय. हिने कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार केलीय, रिपोर्ट कारखान्याला मिळाला कसा म्हणून, आणि गुरुवारी बाबाला तिथे उभं राहायचंय. तो खोटं बोलत नाहीये गं, त्याला खरंच तसं वाटतं. तो फक्त भित्रा आहे, आणि भित्रेपणा त्याने कुठून घेतला हे तुला आता कळलं असेल. जेवताना तो आईला सांगत होता की तू सही करून पाठवते म्हणालीस, काही न विचारता. मी ताट सारून उठले. तू आता दवाखान्यात लोकांच्या नोंदी सांभाळतेस. असला कागद तुझ्या नावाने एकदा अधिकाऱ्याकडे गेला की कोण तुझ्या हाती कोणाची नोंद देईल? सही करू नकोस. केली असशील तर आजच कळव की ती मागे घेतलीस. मी गुरुवारी त्या कचेरीत जाऊन हे सगळं सांगणार आहे आणि खाली अंगठा देणार आहे. घड्याळजीचं नाव मी घेईन, पण त्याला मीच सांगितलं होतं हेही सांगेन. मग बाबा मला घरात ठेवो न ठेवो. टपालाला वेळ नाही, म्हणून लिहिणारीच या पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवेल. सगळ्यात खाली ती स्वतःचं काही लिहिणार आहे म्हणाली. काय लिहिणार ते मी विचारलं नाही, आणि लिहिल्यावर मला कळणारही नाही. तो तिचा हक्क आहे. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. तू फक्त स्वतःच्या डोक्यावरून ते उतरव, तुझं नव्हतंच ते.

तुझीच,
आठ महिने उशिरा बोललेली आजी

आजींनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. दोन ठिकाणी त्यांनी खोडायला सांगितलं, मी खोडलं नाही. सही करू नकोस. मी त्यांना माफ केलेलं नाही, ते त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे, त्या हो म्हणाल्या. गुरुवारी मीच त्यांना घेऊन जाईन. कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यांना एकटीला चढवणार नाही.